वाकळीचा घास

२१ मार्च, शुक्रवार

आधी दुरुस्ती.

सोळा तारखेच्या नोंदीत मी लिहिलंय, "सुलाबाईंच्या वाकळीचा कोपरा उंदरांनी कुरतडला. उंदीर परसातल्या काटक्यांच्या ढिगातून आले." दोन्ही वाक्यं चूक. मी उंदीर पाहिलाच नव्हता. कुरतडलेला कोपरा पाहिला आणि तोंडून शब्द गेला. काकांनी विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की." तेव्हा तसं वाटत होतं. पण वाटणं म्हणजे पाहणं नव्हे.

ती ओळ खोडली नाही. काकू म्हणतात, चुकलेला टाका कात्रीनं कापू नये, उसवावा. दोरा परत कामी येतो आणि कुठं चुकलो ते भोकांवरून दिसत राहतं. म्हणून समासात फक्त आजची तारीख टाकली.

आता सगळं क्रमानं लिहिते, म्हणजे पुढं मला स्वतःलाच फिरवाफिरवी करता येणार नाही.

ता. १३, होळी. सुलाबाईंची वाकळ पुरी होत आली होती. मागच्या गल्लीतल्या सुलाबाई. त्यांची आई गेल्या वर्षी गेली. तिची तीन इरकली लुगडी घेऊन त्या संक्रांतीच्या आधी काकूंकडं आल्या. लेक रेखा बाळंतपणाला येणार, होणाऱ्या लेकराला पणजीची वाकळ पाहिजे. काकूंनी दोन महिने हातानं शिवली. वाकळीचा एक कोपरा त्या शेवटपर्यंत वीतभर उघडा ठेवतात. सगळं झालं की त्यात भाकरीचा कोरडा तुकडा सारतात आणि चार टाक्यांत मिटतात. वाकळ उपाशी घराबाहेर जाऊ नये, ही त्यांच्या आईची रीत. आजवर हा घास त्यांनीच घातला. त्या दिवशी हात पुरणात होते, म्हणून आतून म्हणाल्या, "मंजू, वाकळीला घास दे आन मिट. न्हानसा. कोरडा बग."

कोरडा म्हणाल्या होत्या. मी ऐकलं होतं. पण सणाचा दिवस. घरात सगळ्यांना पुरणपोळी आणि वाकळीला सकाळची भाकरी? मला ते बरं वाटेना. तूप लावलेल्या पोळीचा तुकडा घातला आणि मिटलं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

ता. १५. वाकळ मेंदीच्या कुंपणावर उन्हात टाकली. चारला आणायला गेले तर तोच कोपरा गेलेला, तळहाताएवढा. नेमका तांबड्या काठाचा.

आज दुपारी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. परसातल्या बोरीची खालची फांदी कठड्याजवळून जाते. तिच्या बेचक्यात खारीनं घर केलंय. गवत, काथ्या, कापूस, आणि मधूनच बोटभर तांबडं. आधी मनाला सांगितलं, करवंटीतलं असेल. (काकू दोऱ्यांची तोडं करवंटीत भरून जास्वंदीला टांगतात, घरटी बांधणाऱ्यांसाठी.) पण तो दोरा नव्हता. कापड होतं, आणि त्याच्यावर काठाची पांढरी नक्षी.

म्हणजे खारीला गुळातुपाचा वास लागला. तिनं कोपरा फोडला, पोळी खाल्ली आणि जाताना अंथरायला काठ नेला. तिला बोल नाही. पोळी मी ठेवली होती.

आणि माझ्या 'नक्की'मुळं काय झालं तेही लिहिते. काकांनी ठरवलं, पाडवा झाला की ३ एप्रिलला दोन गडी लावून परस साफ करायचं. ढीग उचलायचा, कुंपण उतरवायचं, बोरीच्या खालच्या फांद्या तोडायच्या. काकू दहा वर्षं सांगत आल्यात की ढिगात मुंगूस आहे, तिथं उंदीर टिकत नाही. या वेळी त्या भांडल्या नाहीत. "माझ्या परसानं लोकाच्या आईचं लुगडं खाल्लं," एवढंच म्हणाल्या.

सांगायला पाहिजे. आज नाही सांगितलं. पुढं नुसतं 'न. सां.' लिहीन.


२२ मार्च, शनिवार

आज चांगलं तेवढंच लिहायचं.

कढीपत्त्याच्या एका फांदीला काकूंनी तांबडी चिंधी बांधलीय. ती फांदी फोडणीला तोडायची नाही, ती अळ्यांची. सकाळी पाहिलं तर तिच्यावर पान म्हणून उरलेलं नाही आणि दोन कोश लागलेत. हिरवे, कमरेला बारीक दोरा बांधून काडीला टेकवून ठेवल्यासारखे. काकू हात पुसत आल्या, वाकून बघितलं. "ह्यांचं शिवणकाम माझ्यापरीस बारीक हाय."

शेजारच्या फांद्यांवर एकही अळी नाही. मी म्हणाले, यांना चिंधी कळते की काय!

"कशाची कळती! मीच उचलून ठिवते."

रोज सकाळी, दूध तापेपर्यंत, एकेक अळी बोटावर घेऊन तिच्या फांदीवर. अठरा वर्षं मी या घरात आहे. मला हे माहीत नव्हतं.

पाखरांच्या मातीच्या परळातलं पाणी बदललं. परळात काकूंनी खडे टाकलेत, मधमाश्यांना पाय टेकायला. परळाखाली चिंध्यांची चुंबळ आहे, ती मी वळलेली. दोन दिवस लागले होते. आता परळ डगमगत नाही. बुलबुलानं चुंबळीकडं ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ पाण्यात उतरला, पंख आपटले, माझ्या तोंडावर पाणी. दिवसभर बरं वाटत राहिलं.

न. सां.


२३ मार्च, रविवार

सुलाबाई खंडोबाहून परस्पर आल्या. कपाळभर भंडारा.

"काय मास्तरीणबाई, आमची वाकळ बरी झाली का अजून दवाखान्यातच?"

काकू म्हणाल्या, "कोपरा धरलाय हातात. चार दिस द्या."

"घ्या की सावकाश. रेखीला अजून पंधरा-ईस दिस हायेत." मग परसाच्या दारात उभ्या राहून इकडंतिकडं बघितलं. शेवग्यावर शिंजीर होता, परळावर माश्या. "लई जीव जगवले बाई तुमी. पाखरं, किडं, मुंगसं. माझ्या आईचा काठ तेवढा न्हाय जगला."

हसत म्हणाल्या. काकूही हसल्या, पण बसलेल्या होत्या त्या उठून उभ्या राहिल्या. मी चहा करते म्हणून आत पळाले. साखर दोनदा पडली. सुलाबाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "ह्या पोरीच्या हातात गोडी हाय."

जाताना वाकळीवरून हात फिरवला. आई शेतातून येताना पदराच्या ह्याच टोकाला हरभऱ्याचे घाटे बांधून आणायची, म्हणाल्या. "लांबूनच गाठ दिसायची. मी पळत जाऊन आधी गाठीला तोंड लावायची, दातानं सोडायची."

तोंड उघडलं होतं मी. सुलाबाई चपला घालत होत्या. चपला घालून होईपर्यंत तोंड मिटलं.

न. सां.


२४ मार्च, सोमवार

आजची नोंद लिहावीशी वाटत नाही म्हणून लिहिते.

काकू वाकळीचा कोपरा करत होत्या. त्यांनी त्यांचं स्वतःचं इरकल काढलंय, लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीचं. त्याचा काठ सुलाबाईंच्या आईच्या काठाला जवळचा आहे. मी म्हणाले, "तुमचं नका फाडू." तर म्हणाल्या, "पेटीत कोन नेसतंय त्याला?" फाडताना मात्र एक क्षण थांबल्या. मग दातानं कड तोडली आणि टर्रकन फाडलं.

मग सुई ओवता ओवता सहज विचारलं, "मंजू, त्या दिवशी घास कशाचा घातला व्हतास?"

मी म्हणाले, "भाकरीचा."

पोळीसुद्धा तव्यावरचीच, असं काहीतरी मनात जुळवून पाहिलं. जुळत नाही. १३ तारखेची चूक होती, १६ची घाई होती, आजचं खोटं आहे. तिन्हीला वेगळी नावं आहेत आणि मला ती माहीत आहेत.

काकूंनी दोरा ओवला. मग म्हणाल्या, "मग कसं गं झालं आसंल? कोरड्या घासाला आजवर मुंगीबी लागली न्हाय." आणि थोड्या वेळानं, "आईच्या काळी ठीक व्हतं. आता न्हाय घालायचा घास. बंद करू."


२६ मार्च, बुधवार

काल लिहिलं नाही.

वाचनालयात मी कामाला असते, तिथं आज दोनच माणसं आली. नोंदवहीच्या रेघा मारत बसले आणि काकूंची शाळा आठवली.

सहाव्या वर्षी मी मुरुमच्या शाळेत तोंडच उघडायची नाही. तीन महिने बाई विचारायच्या, मी भिंतीकडं. आईबाबांना दुकान सोडून माझ्यामागं बसता येईना. दिवाळीला मी अणदूरला काकाकाकूंकडं आले ते इथंच राहिले. काका स्वतः मास्तर, पण त्यांनी पाटी पुढं केली की माझे डोळे भरायचे. काकूंनी पाटी ठेवून दिली. पांढऱ्या धोतराचा तुकडा आणि निळा दोरा दिला. त्यांनी कोळशानं 'अ' काढला, मी त्याच्यावरून टाके घातले. एका दिवसात एक अक्षर. 'अ'ला मला एकवीस टाके लागले, अजून आठवतं. बोलायला कुणी सांगितलं नाही. 'ब'पर्यंत आले तेव्हा परसात बुलबुल बसला होता आणि मी आपणहून म्हणाले, "काकू, ब." त्यांनी मान वर केली नाही, म्हणाल्या, "व्हय, ब. आता त्याची शेपटी कशी शिवणार?"

चौथीपर्यंत अशी शाळा. बेरीज परसात: कुंपणातल्या अंड्यांत आजची किती, कालची किती. वजाबाकी मांजराची.

ते धोतराचे तुकडे त्यांनी जोडून माझी पहिली वाकळ केली. अ ते ज्ञ. आत कोरडी भाकरी आहे. अठरा वर्षांत कुणी कुरतडली नाही. मीच पुरावा पांघरून झोपते.

न. सां.


२७ मार्च, गुरुवार

दु. दोन वाजता गच्चीवर. खार बाहेर गेली तेव्हा घरट्यातून आवाज आला. चिवचिव नाही, त्याहून बारीक, करंगळीनं काच घासावी तसा. पिल्लं आहेत.

दहा मिनिटांनी ती परत आली. आत शिरण्याआधी बाहेर लोंबणारं काठाचं टोक दातात धरून आत ओढून घेतलं, वाऱ्यानं उडणारी चादर नीट करावी तसं. मी कठड्याला धरून उभी. घाबरलेली होते, लाज वाटत होती, तरीसुद्धा काय सुबक काम आहे असं मनात आल्यावाचून राहिलं नाही. सुई नाही, दोरा नाही. गवताचा थर, त्यावर काथ्या, त्यावर कापूस, सगळ्यात आत लुगडं. मऊ ते आतल्या बाजूला. काकूही थर असेच लावतात. सगळ्यात जुनं, सगळ्यात धुतलेलं लुगडं आत.

आता नवीन भीती. खरं सांगितलं आणि सुलाबाई म्हणाल्या, "मग द्या की आमचा काठ काढून," तर? तो त्यांचा आहे. त्यांच्या आईच्या गाठीचा. नाही कसं म्हणणार? आणि काढला तर पिल्लं उघडी.

सांगितलं नाही तर ३ तारखेला फांदीच जाणार. म्हणजे गप्प राहून पिल्लं वाचत नाहीत. हे मी कागदावर दोन रकाने करून पाहिलं. गप्प राहण्याच्या रकान्यात फक्त मी वाचते.

न. सां.


२८ मार्च, शुक्रवार

अर्धवट प्रयत्न केला. नोंद करते, पण याला सांगणं म्हणत नाही.

काका ओट्यावर पेपर वाचत होते. मी म्हणाले, "काका, परस महिनाभरानं साफ केलं तर? आता पाखरांचे दिवस आहेत."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मंजुळा, हे तुझी काकू दहा वर्षं म्हणते आणि दहा वर्षं मी ऐकतो. पण उंदीर निघाले. रेखाचं लेकरू उद्या इथं खेळायला येईल. तू स्वतः पाहिलंस म्हणून तर मी गडी सांगितले." पेपरात परत तोंड घातलं. मग त्याच्या आडून, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी दोनदा विचारलं असतं."

त्यांनी दोनदा विचारायलाच हवं होतं.

न. सां.


३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी काकांनी उभारली. काठीला काकूंनी दरवर्षीप्रमाणं नवीन खण बांधला. कडुलिंबाचा डहाळा आणायला काका निघाले तर काकू ओरडल्या, "उजवीकडच्या फांदीचा न्हाय! तिथं होल्यानं चार काटक्या ठिवल्यात." चार काटक्या म्हणजे खरंच चार काटक्या. एवढ्यात होला अंडी घालतो. काकू म्हणाल्या, "आळशी हाय पन संसार हुतोय त्येचा." काका डावीकडचा डहाळा घेऊन आले, अंगठ्याला खरचटलं होतं. "यंदाचे शेवटचे लाड," म्हणाले. काकूंनी हळद लावली.

कडुलिंबाची चटणी खाताना मी तोंड वाकडं केलं नाही. काकू म्हणाल्या, "ह्या वर्षी मोठी झालीस." नाही झाले.

दु. कोपरा पुरा झाला. मी शेजारी बसून पाहिलं. जुना काठ आणि नवा काठ जिथं भेटतात तिथं काकूंनी टाका बदलला नाही, लपवलाही नाही. सरळ धावदोरा, तांदळाच्या दाण्याएवढा, वर एक खाली एक. बघणाऱ्याला जोड दिसतो. मी विचारलं, "झाकायचा नाही?" तर म्हणाल्या, "कशापायी? फाटलं व्हतं ते फाटलं व्हतं. जोडलं ते जोडलं."

किती शांतपणे बोलतात. त्यांना काहीच माहीत नाही आणि त्या अगदी तेच बोलतात जे मला ऐकायला पाहिजे. हात फिरवून पाहिला, उलट्या बाजूनंही. गाठ कुठंच लागत नाही. असं काम माझ्याच्यानं कधी होईल असं वाटत नाही, पण हे पाहायला मिळतं हेच खूप आहे, असं त्या वेळी वाटलं. पाच मिनिटं सगळं विसरले होते.

या कोपऱ्यात घास नाही.

न. सां.


३१ मार्च, सोमवार

आज जे झालं त्यानं ठरलं.

माझ्या आईसाठी काकू एक लहान वाकळ करत होत्या. मुरुमच्या दुकानात फरशीवर बसून तिचे गुडघे धरतात, तर मांडीवर घ्यायला. माझे दोन जुने परकर, काकांचं धोतर, वर काकूंची पिवळी साडी. संध्याकाळी पुरी झाली. उघड्या कोपऱ्यापाशी आल्यावर सवयीनं त्यांचा हात मागं गेला, जिथं भाकरीच्या तुकड्याची वाटी असते तिथं. वाटी नव्हती. त्यांनीच ठेवलेली नव्हती. हात तसाच थोडा वेळ जमिनीवर राहिला. मग परत आला आणि चार टाक्यांत कोपरा मिटला. दोरा तोडला.

"झाली," म्हणाल्या. घडी केली, थोपटली, पुन्हा थोपटली.

मी म्हणाले, "काकू, ही उपाशीच जाणार मुरुमला?"

"तुझ्या आईच्या घरी धान्याच्या गोण्या असत्यात. उंदीर हुडकीत येतील." मग जरा हसून, "आन आपन काय अडानी हाय का आता, चिंध्यांना जेवू घालायला!"

हे वाक्य त्यांचं नाही. इतक्या वर्षांत त्या चिंधीला कधी 'चिंधी' म्हणाल्या तर ती अळ्यांच्या फांदीवरची. वाकळीत गेली की ती चिंधी राहत नाही, असं त्यांनीच मला शिकवलं.

इतके दिवस मी हिशेब मांडत होते की सांगितलं तर माझं काय होईल. काकू सुई हातात देणार नाहीत, काका दोनदा विचारतील, सुलाबाई गल्लीत सांगतील. त्यांच्या हातून काय जातंय ते मांडलंच नव्हतं. ढीग जातोय, बोर जातेय, मुंगूस जातंय. आणि आज आईची रीत गेली, माझ्यासमोर, माझ्या आईच्या वाकळीतून. त्यांना वाटतं त्यांचं चुकलं.

जेवताना सांगणार होते. काकांना बातम्या, काकूंचं डोकं दुखत होतं. हे कारण नाही, हे फक्त घडलं.

न. सां. हे शेवटचं.


१ एप्रिल, मंगळवार

आजच सांगायचं होतं. सकाळी उठले तर काकू तुळजापूरला निघालेल्या, मंगळवार म्हणून, शेजारणीबरोबर पहिल्या गाडीनं. संध्याकाळी उशिरा येणार. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही लिहिते.

जाताना सांगून गेल्या, "अळ्या बग. दोन पलीकडं गेल्यात." दूध तापत ठेवलं आणि दोन अळ्या बोटावर घेऊन चिंधीच्या फांदीच्या नव्या पालवीवर ठेवल्या. दुसरीनं बोट सोडायला वेळ लावला. पाय किती मऊ असतात. दूध उतू गेलं. तरी चांगला वेळ गेला तो.

कोशातलं एक फुलपाखरू निघून गेलंय, टरफल लटकतंय. दोरा अजून तसाच.

गच्चीवर गेले. खार समोर फांदीवर बसून शेपटी झटकत मला रागवत राहिली. हक्काचं घर असल्यासारखी. पिल्लांचा आवाज गुरुवारपेक्षा मोठा येतोय.

दुपारी सुलाबाई वाकळ न्यायला आल्या होत्या. मी म्हणाले, "काकू नाहीत, उद्या या." त्या म्हणाल्या, "वाकळ तर हितंच हाय की! तूच दे." मी म्हणाले, "उद्या काकूंच्या हातानं घ्या. आणि मला तुम्हाला परसात काहीतरी दाखवायचंय."

"काय गं, अजून काय खाल्लं का कुनी?"

"उद्या दाखवते."

माझ्याकडं बघत राहिल्या. "तुझं तोंड का उतरलंय? लगीनबिगीन ठरलं का काय?" आणि हसत गेल्या. येते म्हणाल्या, नऊला.

म्हणजे आता मागं फिरायची वाट मीच बंद केली. बरं झालं.

क्रम ठरवला. आधी काकू, चुलीपाशी, एकट्या असताना. होळीचं, पोळीचं, २४ तारखेच्या खोट्याचं, सगळं. मग काका, गड्यांना निरोप पाठवता येईल इतक्या वेळेत. मग नऊला सुलाबाई, गच्चीवर. त्यांना आधी काहीच बोलणार नाही, नुसता काठ दाखवीन, आवाज ऐकवीन, मग माझं सांगीन. त्यांनी काठ मागितला तर तो त्यांचा आहे. पिल्लं निघून जाईपर्यंत थांबा, असं मी विनवू शकते. नाही म्हणू शकत नाही. त्या काय म्हणतील याचा अंदाज करत बसले होते, पाच-सहा उत्तरं लिहिली आणि ते पान फाडलं. दुसऱ्याची उत्तरं लिहायची नाहीत. उंदराचं असंच झालं होतं.

आणखी एक. आईची वाकळ घडी घालून कपाटात आहे. तिचा कोपरा मी आत्ता उसवलाय. चारही टाके, दोरा न तोडता. वीतभर उघडा ठेवलाय. काकूंच्या वाटीची जागा मला माहीत आहे. वाटी धुऊन तिथं ठेवली, रिकामी. त्यात काय घालायचं, घालायचं का नाही, ते काकू ठरवतील.

उद्या, बुधवार, २ एप्रिल. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की.